साहेबाच्या पाठीवरच्या टाचण्या

सोमवार, २ तारीख

ही वही मला ऐकणाऱ्या बाईने दिली. तिच्या दारावर 'समुपदेशक' अशी पाटी आहे. मी तिसरीपर्यंत शिकलेली, एवढा लांब शब्द मला दोन दमांत वाचावा लागतो. बाई खुर्चीत बसते, ऐकते, मान हलवते, म्हणून मी तिला ऐकणारी बाई म्हणते.

तिने घरातल्या सगळ्यांना एकेक वही दिली. मनात येईल ते लिहा, कुणी वाचणार नाही म्हणाली. मी विचारलं, कुणी वाचणार नाही तर लिहायचं कशाला? तर म्हणाली, छान प्रश्न आहे. मला उत्तर हवं होतं, शाबासकी नको होती. मुलाने वही कपाटात ठेवली. सुनेने तिच्यात किराणा लिहायला घेतला. नातीने पहिल्या पानाचा वास घेतला आणि वही उशाखाली ठेवून दिली. मी लिहितेय, कारण सांगितलेलं काम मी करते.

तर हकिगत अशी. नात वीस वर्षांची. लहानपणी दुकानात गोल गोल फिरायची म्हणून तिला भिंगरी म्हणतो. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मी तिथे कपडे दुरुस्त करते. लांब असेल ते आखूड, सैल असेल ते घट्ट, आणि लग्नानंतर सगळ्यांचं घट्ट असेल ते सैल.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की भिंगरी ऑटिस्टिक आहे. हा रोग नाही, जन्मापासूनची घडण आहे म्हणाले. तेव्हापासून मुलगा असा वावरतो, जणू कुणी घराचं छप्पर काढून नेलंय. शेजारीण म्हणाली, अशा मुलांना गणित फार येतं. आमची गणितात दोनदा नापास. म्हणजे तेवढंही नशिबात नाही.

शहरातल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात तिला नोकरी लागली होती. घड्या सुरेख घालायची. पण गिऱ्हाइकाशी हसून, गोड बोलायचं असा तिथला नियम. एका बाईने कपडे घालून बघायच्या खोलीतून बाहेर येऊन विचारलं, हा झगा मला कसा दिसतो? भिंगरी म्हणाली, श्वास घेतलात तर उसवेल. बाईने रागाने श्वास घेतला. झगा गेला आणि नोकरीही गेली.

त्या दिवसापासून पोरगी बोलत नाही. मान हलवते, कागदावर लिहून दाखवते, पण तोंडाला टीप घातल्यासारखं.

मुलाने एका संस्थेचा कागद आणलाय. तिथे सहा महिने ठेवून घेतात आणि चारचौघांसारखं वागायला शिकवतात. पुढच्या एक तारखेला नवा वर्ग सुरू होतो. सून म्हणाली, आधी महिनाभर ह्या बाईकडे जाऊ या. मुलगा म्हणाला, ठीक आहे, हा महिना. मग संस्था. भिंगरीला कुणी विचारलं नाही. मलाही विचारलं नाही, पण मला न विचारताही सांगता येतं. मला हे पसंत नाही. दुकानात उसवायला दुसरं कोण आहे?

बुधवार, ४ तारीख

बाई म्हणाली, माणूस म्हणजे अडचण नसतो, अडचण म्हणजे अडचण. ती माणसापासून बाजूला काढू, तिला एक नाव देऊ, मग तिचं काय करायचं ते बघू.

हे मला पटलं. कोट बसत नाही म्हणून आपण गिऱ्हाइकाला कापत नाही.

मुलगा लगेच म्हणाला, नाव तर ठाऊकच आहे, ऑटिझम. बाई म्हणाली, ती झाली भिंगरीची घडण. तिला छळणारं जे आहे ते हेच की आणखी काही, हे तिलाच ठरवू द्या. भिंगरी खिशातलं रिकामं रीळ बोटांत फिरवत होती. तिने एकदा वर बघितलं आणि परत रिळाकडे.

घरचा अभ्यास असा दिलाय: अडचण घरात पाहुणी आली आहे असं समजा. ती कधी येते, कुठे बसते, काय बोलते, ते बघा.

गुरुवार, ५ तारीख

पाहुणी म्हटलं की खुर्ची आली. जेवायच्या टेबलाशी तिच्यासाठी खुर्ची ठेवली, पुढे पाण्याचा पेला ठेवला. मुलगा म्हणाला, आई, ती नुसती बोलायची पद्धत असते. मी म्हटलं, मग बाईने पद्धतीने बोलू नये, सरळ बोलावं.

आता घरात खुर्च्या चारच, त्यामुळे मुलाला उभ्याने जेवावं लागलं. माझी खुर्ची मी देत नाही. डावा खांदा भिंतीला, पाठ खिडकीकडे, ती माझी. एकदा सुनेचे वडील चुकून तिच्यावर बसले होते, तर ते उठेपर्यंत मी जेवले नाही. ते तीन दिवस राहणार होते, दुसऱ्याच दिवशी गेले. प्रत्येकाची एक जागा असते, त्यात वावगं काय?

सून टपाल कचेरीत खिडकीवर बसते. जेवताना ती नेहमी काहीबाही बोलत असते. आज बस चुकली, साहेब असं म्हणाला, शेजारच्या खिडकीवालीला नातू झाला. आम्ही तिघं जेवत असतो. आज ती पाहुणीच्या खुर्चीकडे बघून बोलत होती.

रविवार, ८ तारीख

नणंदबाई आल्या. त्या एका घरची खबर घेऊन येतात आणि दुसऱ्या घरासाठी घेऊन जातात, मध्ये फक्त चहा लागतो. भिंगरी पडद्यामागे दुकानात पँट उसवत बसली होती.

नणंदबाई म्हणाल्या, वहिनी, संस्थेत पाठवाच. सहा महिने काय, बघता बघता जातील. चारचौघांसारखी हसायला बोलायला लागली की कुणाला कळायचंही नाही.

मी विचारलं, चारचौघं म्हणजे कोण?

म्हणाल्या, कोण म्हणजे? आपली माणसं.

मी म्हटलं, नावं सांगा. मला खरंच माहिती करून घ्यायची होती. जन्मभर ऐकत आलेय चारचौघं चारचौघं, कुणाचा पत्ता ठाऊक नाही. त्यांना सुचेना, तर मीच मोजायला घेतलं. पहिले तुमचे यजमान धरू या का? पण ते तर कोंबड्यांशी बोलतात आणि तुमच्याशी बोलत नाहीत. मग तुमचा थोरला? तो सगळ्यांशी गोड बोलतो हे खरं, पण त्यापायीच तुरुंगात जाऊन आला. शेजारचे मास्तर घरातल्या घरातही छत्री घेऊन फिरतात. राहता राहिलात तुम्ही.

नणंदबाईंनी चहा अर्धा ठेवला आणि उठल्या. "खाण तशी माती, वहिनी," असं दारातून म्हणाल्या. म्हणजे नात माझ्यावर गेलीय. तोंड पाडून काय सांगायचं त्यात, मला तर आवडलं.

त्या गेल्यावर पडद्यामागे कुणीतरी फसकन हसलं. मग आवाज आला, "आजी, चौघं भरले नाहीत ना?"

बंद मशीन वंगण घातल्यावर पहिल्यांदा करतं तसला, जरा गंजलेला आवाज. मी काही दाखवलं नाही. पँट उसवून झाली का, एवढंच विचारलं. झाली होती.

सोमवार, ९ तारीख

मुलगा सकाळी न्हाणीघरात फार वेळ लावतो. नळ सोडून ठेवतो आणि आत पुटपुटत असतो. नोकरी लागल्यापासूनची सवय. देवाचं काही म्हणत असेल. एरवी देवाचं नाव घेत नाही, पण न्हाणीघरात कुणाला काय सुचेल सांगता येत नाही. पाणी मात्र धो धो वाहतं.

बुधवार, ११ तारीख

भिंगरीने बाईला नाव सांगितलं. अडचणीचं नाव चारचौघं.

मग बाई अशी मागे लागली, जसा चोराच्या मागे पोलीस. चारचौघं पहिल्यांदा कधी आले? बालवाडीत. काय म्हणाले? हात हलवू नको. मग तू काय केलंस? हातांवर बसले. भिंगरीला आनंद झाला की तिचे हात फडफडतात, लहानपणापासून. मला माहीत आहे, तेव्हा मी तिच्या हाताशी कात्री ठेवत नाही. पण हातांवर बसत होती हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाली, शाळा सुटेपर्यंत हातांना मुंग्या आलेल्या असायच्या. त्या मुंग्या म्हणजेच शाळा असं वाटायचं.

सुनेने डोळे पुसले. मी पुसले नाहीत, माझे कोरडेच होते. पण त्या बालवाडीच्या बाईचा एक झगा मी मागे सैल करून दिला होता, तो परत घट्ट करून द्यावासा वाटला.

बाईने विचारलं, आता चारचौघं कधी येतात? भिंगरी म्हणाली, सगळीकडे असतात. बसमध्ये, दुकानात, जेवताना बाबांच्या खुर्चीच्या मागे. मुलगा टायची गाठ सैल करत होता, तो थांबला. बाईने त्याला विचारलं, तुमच्याकडे कधी येतात का हो? तो नाही म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की प्रश्न अजून संपला नव्हता.

मग बाईने विचारलं, असं एखादं ठिकाण आहे का, जिथे त्यांना आत येता येत नाही? भिंगरी म्हणाली, आजीचं दुकान.

मला काही कळलं नाही. माझ्या दुकानाला धड कडीसुद्धा नाही.

शनिवार, १४ तारीख

काल बाईच्या प्रश्नावर विचार केला, आज पुन्हा केला. दुकानात आम्ही काही खास करत नाही. ती उसवते, मी शिवते. रेडिओ मी लावत नाही, एका वेळी दोन आवाज झाले की मला टाके दिसत नाहीत. गिऱ्हाईक आलं की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, खांद्याकडे बघते. तोंडाचं काय माप घ्यायचंय? गिऱ्हाईक बोलत राहिलं तर मी तोंडात टाचण्या धरते, म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही. चहा माझ्या पोचे आलेल्या पेल्यातूनच पिते, दुसऱ्या पेल्यात त्याला लोखंडाची चव येते. कपड्याच्या मानेशी शिवलेली ती टोचरी चिठ्ठी आधी कापते. भिंगरीच्या कपड्यांची कापते आणि माझ्याही कापते, कारण ती कुणालाही टोचणारच, लोक सांगत नाहीत एवढंच. दुपारभर आम्ही दोघी एक शब्द बोलत नाही, आणि संध्याकाळी दोघींनाही पुष्कळ गप्पा झाल्यासारखं वाटतं.

ह्यात चारचौघांना अडवणारं काय आहे?

दुकानाच्या काचेत साहेब उभा असतो. साहेब म्हणजे पुतळा, कमरेपर्यंतचा, खाली लाकडी दांडा. नवऱ्याने आणला होता. त्याच्या अंगावर कोणताही कोट घाला, बघणारा म्हणतो, काय बसलाय! आज भिंगरी त्याच्या पाठीमागे जाऊन बराच वेळ बघत उभी होती. मी विचारलं नाही.

बुधवार, १८ तारीख

पुढच्या खेपेला शेवटचं बोलणं. बाई म्हणाली, भिंगरीला ओळखणाऱ्यांनी साक्षीदार म्हणून यायचं, आणि भिंगरीने चारचौघं कसे असतात ते दाखवणारं काहीतरी आणायचं. भिंगरी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आजी, साहेब नेऊ या. मी म्हटलं, नेऊ.

मुलगा घरी येताना म्हणाला, शुक्रवारी संस्था बघून तरी येऊ. कागद अजून त्याच्या पिशवीतच आहे. भिंगरीचे हात मांडीखाली गेले. मी बघितलं. त्यानेही बघितलं.

शुक्रवार, २० तारीख

संस्था बघून आलो. जागा स्वच्छ आहे, जरुरीपेक्षा जास्त. एका लांब खोलीत आरसे लावलेत आणि प्रत्येक आरशापुढे एकेक पोरगं हसायचा सराव करतंय. हसताहेत सगळे, पण खोलीत आवाज नाही. मी पुष्कळ खोल्या बघितल्या, अशी बघितली नव्हती.

तिथले सर आतून-बाहेरून इस्त्री केल्यासारखे. म्हणाले, आधी डोळ्यांत बघायचं, मग हवापाण्याच्या गप्पा, मग समोरच्याचा चेहरा ओळखायचा. भिंगरी भिंतीला चिकटून उभी होती. सर तिला म्हणाले, घाबरू नकोस, किती सोपं असतं ते आजींवर करून दाखवतो.

मला समोर बसवलं.

"आजी, माझ्या डोळ्यांत बघा."

"काही गेलंय का?"

सर हसले. नाही, नुसतं बघायचं म्हणाले. मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. उजवा जरा खाली. मग म्हणाले, काय आजी, आज उकाडा आहे, नाही? मी नाही म्हटलं, कारण नव्हता. ते थांबले. मीही थांबले. बराच वेळ थांबल्यावर म्हणाले, आता तुम्ही मला काहीतरी विचारायचं असतं. मी म्हटलं, मला काही विचारायचं नाहीये. समजा असलं तर? असलं तर विचारेन.

मग त्यांनी माणसांच्या तोंडांची चित्रं पुढे मांडली. ह्यातला कोण रागावलाय, कोण खूश आहे, सांगा. मी सांगितलं की ह्याची कॉलर उलटी बसलीय आणि हिचं वरचं काज सुटलंय. सर म्हणाले, आणि चेहरा? मी म्हटलं, चेहरे आहेत सगळ्यांना. त्यांनी शाबासकी द्यायला माझ्या पाठीवर हात ठेवला, तशी मी खुर्चीसकट मागे सरकले. मला अचानक हात लावलेला खपत नाही. कुणाला खपतो?

सरांनी चित्रं गोळा केली आणि मुलाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, आमच्याकडे ज्येष्ठांसाठीही वर्ग आहे. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.

परीक्षा घेणाराच कच्चा असला की असं होतं. बसमध्ये भिंगरी खिडकीकडे तोंड करून हसत होती, खांदे हलत होते. मुलगा मात्र माझ्याकडे असा बघत होता, जणू घरातलं जुनं घड्याळ वर्षानुवर्षं उलटं चालतंय हे आज ध्यानात आलंय.

शनिवार, २१ तारीख

मुलगा दुकानात येऊन बसला. एरवी येत नाही. विचारलं, आई, तुला लहानपणी कधी असं वाटायचं का, की तू…

मी म्हटलं, की मी काय?

काही नाही म्हणाला. मग माझ्या पोचे आलेल्या पेल्याकडे बघत राहिला. त्याला म्हटलं, चहा हवा असेल तर दुसऱ्या पेल्यात मिळेल.

बुधवार, २५ तारीख

साहेबाला नवा कोट चढवला, नेहमीसारखा मागून टाचला आणि भिंगरीने आणि मी त्याला बसमध्ये नेला. सीटवर बसवला, नाहीतर पडतो. कंडक्टर म्हणाला, आजी, ह्याचं तिकीट? मी म्हटलं, त्याला विचारा कुठे उतरायचंय. भांडण फार वाढलं नाही, साहेबाला पाय नाहीत म्हणून अर्ध्या तिकिटावर मिटलं. समोरची बाई सारखी साहेबाकडे बघून म्हणत होती, काय सुंदर बसलाय हो कोट.

बाईच्या खोलीत मुलगा आणि सून आधीच येऊन बसले होते. भिंगरीने साहेबाला मधोमध उभा केला. म्हणाली, हे चारचौघं.

सगळ्यांनी बघितलं. खांदा खांद्यावर, बाही मनगटावर, पोटाशी एक सुरकुती नाही.

मग तिने त्याला फिरवला.

मागे कापड मूठभर गोळा करून टाचलेलं, मानेपासून कमरेपर्यंत टाचण्यांची रांग आणि दोन चिमटे. मला त्यात नवीन काही नव्हतं, मीच लावते. पुतळ्याला कुठलाच कपडा बसत नाही, मागून ओढून धरावा लागतो. पण सून आ वासून बघत होती.

भिंगरी साहेबाशीच बोलत होती, आमच्याकडे न बघता. म्हणाली, "तो हलत नाही, म्हणून त्याला टोचत नाही. मी हलते."

मग म्हणाली, आधी तिला वाटायचं की ती चारचौघांतलीच एक आहे, पण बिघडलेली. डॉक्टरांनी ऑटिस्टिक म्हटलं त्या दिवशी घरी सगळ्यांची तोंडं पडली आणि तिला मात्र मनातून बरं वाटलं होतं. म्हणजे बिघडलेली नाही, मापच वेगळं. पण सगळी इतकी दुःखात होती की तिला ते सांगता आलं नाही. "मला ते आवडतं," म्हणाली. "मी संस्थेत जाणार नाही. मी आजीच्या दुकानात काम करणार. गिऱ्हाइकांशी आजी बोलेल."

मी म्हटलं, मी कुठे बोलते?

"तेच," भिंगरी म्हणाली.

मला वाटलं आता मुलगा भाषण देणार. तो उठला, साहेबाच्या मागे गेला, एका टाचणीवर बोट ठेवलं. आणि एका सुरात म्हणायला लागला, "काय म्हणता, बरं आहे ना. आज उकाडा फार. घरचे कसे आहेत. वा, वा, छान. चला, कामाला लागू."

सून घाबरली. मलाही वाटलं, गेलं डोकं.

तो म्हणाला, रोज सकाळी हे म्हणतो, नळ सोडून. कचेरीत शिरल्यापासून खुर्चीपर्यंत जाताना एवढं बोलावं लागतं. ह्याच क्रमाने. कुणी मधेच वेगळं काही विचारलं की दिवसभर छातीत धडधडतं. थंडीतसुद्धा तो उकाडा फार म्हणतो, लोकांना वाटतं विनोदी आहे. "मला कुणी शिकवलं नाही," म्हणाला. "मी एकट्याने नळाखाली शिकलो. म्हटलं, हिला निदान शिकवणारे तरी असतील."

भिंगरीने विचारलं, "बाबा, दमत नाहीस?"

तो खुर्चीत बसला. पूर्ण बसला, एरवी तो कडेला बसतो. म्हणाला, "दमतो गं."

ऐकणारी बाई काही बोलली नाही. आजपर्यंतची तिची सगळ्यात चांगली कामगिरी. मग मला म्हणाली, आजी, तुम्ही साक्षीदार आहात, हे सगळं ऐकून तुम्हाला काय वाटलं?

मी म्हटलं, "पाणी फार फुकट गेलं."

आधी भिंगरी हसली, मग मुलगा हसला. तो असा हसतो हे मी विसरले होते, गाढव खोकल्यासारखा. भिंगरीचे हात फडफडत होते आणि ते मांडीखाली गेले नाहीत. सुनेने नवऱ्याच्या पिशवीतून संस्थेचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

निघताना बाईने मला थांबवलं. म्हणाली, आजी, तुम्हालाही कधी स्वतःविषयी जाणून घ्यावंसं वाटलं तर या. मी म्हटलं, मी स्वतःला जन्मापासून ओळखते.

रविवार, २९ तारीख

साहेब आता काचेत उलटा उभा आहे, पाठ रस्त्याकडे. भिंगरीने खाली पाटी लिहिलीय: 'समोरून सगळ्यांना सगळं बसतं. आत या.' लोक थांबतात, पाठीकडे बघतात, आपली पाठ चाचपतात आणि आत येतात. काल एकाने कोट घालून विचारलं, कसा दिसतो? भिंगरी म्हणाली, बगलेत ओढतोय. तो म्हणाला, खरंच की, कुणी सांगितलं नव्हतं. तसलंच उत्तर, एका दुकानात नोकरी घालवतं आणि दुसऱ्यात गिऱ्हाईक आणतं. मी टाचण्या तोंडात धरून होते.

मुलगा न्हाणीघरातून लवकर बाहेर येतो. काल कचेरीत कुणाला तरी म्हणाला म्हणे, मला आत्ता बोलायला सुचत नाहीये. तो माणूस म्हणाला, मलाही. दोघं गप्प बसून डबा जेवले. संस्थेच्या कागदाच्या पाठीमागे सुनेने आठवड्याचा किराणा लिहिलाय.

आज दुपारी चौघंही घरी. जेवताना मी ऐकणाऱ्या बाईचं सांगितलं, मला बोलावत होती म्हणून. म्हटलं, मला काय झालंय? मी आपली चारचौघांसारखी.

मुलाच्या नाकात पाणी गेलं. भिंगरी टेबलावर डोकं टेकून हसत होती. एवढं काय हसायचं ते मला कळलं नाही. मी जे खरं तेच सांगितलं होतं.

सून हसली नाही. ती भांडी गोळा करता करता म्हणाली, "या घरात चारचौघांसारखी मी एकटीच आहे, आई. लग्न होऊन आल्यापासून मी ह्या टेबलाशी एकटीच बोलतेय. मला कसं वाटतं, ते कुणी विचारलं?"

कुणीच काही बोललं नाही. आता हे तिच्या म्हणण्याच्या बाजूनेच झालं, पण आम्हाला सुचत नव्हतं. मुलगा म्हणाला, आज उकाडा फार. भिंगरीने त्याला कोपर मारलं.

मी उठले आणि चहा केला. सुनेला दिला. माझ्या पेल्यात नाही, तेवढं काही झालेलं नाही. पण माझ्या खुर्चीवरून उठून मी ती तिला दिली, आणि मी स्वतः पाहुणीच्या खुर्चीवर बसले. ती टोचते. म्हटलं, बोल काय बोलायचंय ते, मी उठणार नाही.

ती बोलली. दुपार उतरेपर्यंत बोलली. खिडकीवरची माणसं, तिच्या कचेरीतला साहेब, चुकलेल्या बसगाड्या, तिची आई, सगळं. अर्ध्याचा मला अर्थ लागला नाही. मी मान हलवत राहिले, त्या बाईसारखी, आणि तिच्या खांद्यांकडे बघत राहिले. डावा खांदा जरा उतरलाय. तिच्या पुढच्या कोटाला तिकडे आतून पातळ गादी घालीन. मागून टाचायचं नाही.